अँडीजच्या डोंगरात बटाट्याचे शेकडो वाण कसे टिकवतात: बेणं निवडण्यापासून ते हरवलेला वाण परत आणण्यापर्यंत

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, मग पुढचं सगळं आपोआप कळत जाईल. बटाट्याचं बेणं वर्षानुवर्षं साठवून ठेवता येत नाही. गहू, मका, कडधान्य यांचं बी नीट वाळवून ठेवलं तर दोनचार वर्षं सहज निघतात, पण बटाटा म्हणजे जिवंत कंद, तो श्वास घेतो, कोंब काढतो, सुरकुततो आणि वर्षभरात एकतर मातीत जातो नाहीतर उकिरड्यावर. म्हणजे एखादा वाण टिकवायचा तर तो दरवर्षी लावावाच लागतो, एका वर्षाचीही सुट्टी नाही. आणि पेरू, बोलिव्हियाच्या डोंगरात ३,५०० ते ४,२०० मीटर उंचीवर एकेका घराकडे असे वीसतीस वाण सहज असतात, काही घरांकडे तर १०० च्या वर, आणि हे किमान ७,००० वर्षांपासून चालू आहे. एवढी वर्षं कुणी ना कुणी दर हंगामात ते बेणं बाजूला काढलं, जपलं आणि परत लावलं म्हणून आज ४,००० च्या वर देशी वाण जगात आहेत, मला तरी हे आकडे वाचून दरवेळी थक्क व्हायला होतं.

तर हे नेमकं करतात कसं ते कामाच्या क्रमाने सांगते. असं समजा की तुम्ही पेरूतल्या कुस्को शहराजवळच्या एखाद्या चाक्रामध्ये, म्हणजे तिथल्या शेतात, उभे आहात आणि यंदाचं सगळं तुम्हालाच करायचंय.

पहिलं काम शेतात नाही, घरात आहे. प्रत्येक वाणाला काहीतरी काम नेमून द्यायचं. ज्या वाणाचं घरात काही कामच नाही तो दोनतीन वर्षांत आपोआप गळतो, कारण कोण उगाच कष्ट करणार. तिथले लोक ढोबळमानाने दोन भाग करतात. एक वायकू बटाटे, हे सालासकट उकडून खायचे, पिठूळ, फुटून येणारे, चवीला एकदम भारी. दुसरे रुकी, हे कडू असतात, असेच खाल्ले तर बाधतात, पण कडाक्याच्या गारठ्यात टिकतात म्हणून जिथे दुसरं काही येत नाही त्या सगळ्यात वरच्या शेतांत लावायचे आणि गोठवून वाळवून खायचे. मग वायकूमध्येही परत भेद, हा सूपात विरघळतो, हा पाहुण्यांसाठी, हा लवकर निघतो म्हणून मागचा साठा संपत आला की उपयोगी, हा चुलीच्या राखेत भाजायला. एवढी कामं असली की तेवढे वाण लागतातच, वेगळं जतन वगैरे करायची गरज पडत नाही.

नावंही शिकून घ्या, कारण नाव गेलं की वाण गेला म्हणून समजा. तिथल्या केचुआ भाषेत नावं बहुतेक दिसण्यावरून पडतात आणि पुढे रंग लावला की भाऊबंद वेगळे होतात, याना म्हणजे काळा, पुका लाल, युराक पांढरा, किल्यु पिवळा. पुमा माकी म्हणजे पुमाचा पंजा, तो खरंच पंजासारखा बोटंबोटं असलेला असतो. वाकापा काल्युन म्हणजे गाईची जीभ, लांबट आणि चपटा. आणि सगळ्यात प्रसिद्ध काचुन वाकाची, म्हणजे सुनेला रडवणारा. हा बटाटा हातात घेतला तर अननसाच्या सालीसारखा नुसता खवल्याखवल्यांचा, प्रत्येक डोळा खोल खड्ड्यात बसलेला, दोन डोळ्यांच्या मधे फुगीर गाठी. सांगतात असं की होणाऱ्या सुनेच्या हातात सासू हा बटाटा आणि सुरी द्यायची, सुरी गाठीवरून घसरते, खड्ड्यात साल राहते, आणि साल काढायच्या नादात अर्धा बटाटाच गेला तर पोरगी नापास. आता बघा, सोलायला इतका त्रासदायक वाण बाजाराने कधीच टाकून दिला असता, पण त्याच्याभोवती एक गोष्ट आहे, घराघरात हसतखेळत सांगितली जाते, म्हणून तो आहे. वाण टिकवायला गोष्टही लागते हे मी अगदी मनापासून सांगतेय.

आता जमीन. सगळं एका शेतात लावायचं नाही, हा तिथला पहिला नियम. एका कुटुंबाचे छोटे छोटे तुकडे डोंगरभर विखुरलेले असतात, एक खाली दरीजवळ, एक मधल्या उतारावर, एक वर माळावर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं किती हे गैरसोयीचं, दिवसभर चढउतार, पण एका रात्रीच्या हिमाने वरचा तुकडा जळाला तर खालचा वाचतो, खाली करपा आला तर वरचा वाचतो, गारा तर एका उताराला झोडपतात आणि शेजारच्याला शिवतही नाहीत. म्हणून ज्या वाणाचं बेणं कमी आहे ते कधीही एकाच तुकड्यात टाकू नका, निदान दोन ठिकाणी विभागा, पाच कंद असले तरी तीन इकडे दोन तिकडे.

आणि तीच जमीन दरवर्षी नाही. बऱ्याच गावांत गावाची सामाईक जमीन वाटे पाडून फिरवतात, याला लायमी म्हणतात. एका वर्षी एका वाट्यात सगळं गाव बटाटा लावतं, पुढच्या वर्षी तिथे ओका, ओयुको, माश्वा ही त्यांची दुसरी कंदपिकं, मग बार्ली किंवा घेवड्यासारखं काही, आणि मग पाचसात वर्षं पड. पड म्हणजे वाया नाही, त्यावर मेंढ्या, लामा, अल्पाका चरतात, लेंड्या पडतात, गवत मुरतं. आणि मुख्य म्हणजे मातीतले बटाट्याचे सूत्रकृमी आणि सोंडकिडे उपाशी राहून कमी होतात. औषध नाही, फवारणी नाही, नुसता धीर. पण हे एकट्याने होत नाही, कुठला वाटा कधी उघडायचा ते गावाच्या बैठकीत ठरतं, म्हणून जिथे गावाची एकी मोडली तिथे फेरपालटही मोडला आणि मागोमाग वाणही कमी झाले.

लावणी कधी करायची? मुख्य लावणी पावसाच्या तोंडावर, ऑक्टोबर नोव्हेंबरमध्ये. पण पाऊस वेळेवर येणार की नाही हे ते जूनमध्येच बघून ठेवतात, आणि कशावरून बघतात तर कृत्तिकांवरून! हो, आपल्याच कृत्तिका. जूनच्या २४ तारखेच्या सणाच्या आसपास, पहाटेच्या आधी उठून उंचावर जायचं आणि तो झुपका बघायचा. तारे ठसठशीत, भरपूर आणि मोठे दिसले तर पाऊस वेळेवर, लावणी नेहमीसारखी. अंधुक दिसले तर पाऊस लांबणार, लावणी काही आठवडे पुढे ढकलायची. २००० साली हवामान अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांनी हे तपासलं तेव्हा कळलं की एल निनोच्या वर्षी जूनमध्ये खूप उंचावर पातळ ढगांचा थर वाढतो, डोळ्याला ढग दिसत नाहीत पण तारे मंद होतात, आणि त्याच वर्षी तिथे पाऊस कमी आणि उशिरा पडतो. म्हणजे शेतकरी शेकडो वर्षं बरोबर तेच वाचत होते. केचुआमध्ये या तारकापुंजाला कोल्का म्हणतात आणि धान्याच्या कोठारालाही कोल्काच म्हणतात, आकाशातलं कोठार भरलेलं दिसलं तर जमिनीवरचं भरणार, किती सुंदर आहे हे.

लावणीला माणसं लागतात आणि ती पैशाने आणायची नाहीत. आयनी म्हणजे सरळ आपली इर्जिक, आज मी तुझ्या शेतात, परवा तू माझ्या. उतारावर बैल चालत नाही तिथे चाकिताक्ला वापरतात, पायाने दाबायचा नांगर, लांब लाकडी दांडा, खाली अरुंद लोखंडी पातं आणि पाय ठेवायला आडवी खुंटी. दोन जण शेजारी शेजारी उभे राहतात, एकदम पाय देऊन पातं गवताळ मातीत घुसवतात, दांडा मागे ओढतात, आणि मातीचं भलंमोठं ढेकूळ उचकटलं की समोर वाकलेला तिसरा माणूस ते हाताने उलटं करतो. अशा उलट्या ढेकळांचे वरंबे होतात, मधल्या सरीतून पाणी निघून जातं. लावताना पुढे पुरुष भोक पाडत जातो आणि मागून बाई पाठीच्या रंगीत कापडातून बेणं काढून एकेक आत सोडते.

त्या कापडात काय असतं तर सगळ्या वाणांची सरमिसळ. याला चाक्रू म्हणतात, मिश्र लावण. एकाच वरंब्यात काळा, त्याच्या शेजारी पिवळा, मग तो पंजावाला, मग लाल. ओळीओळीने वेगळे लावत नाहीत. आपल्याला वाटेल गोंधळ, पण यात फार डोकं आहे. सगळे वाण एकाच वेळी एकाच रोगाला बळी पडत नाहीत, करपा एका झाडावरून शेजारी जाताना मधे न लागणारं झाड आलं की वेग मंदावतो, आणि हिमाच्या रात्री काही झाडं जळाली तरी काही उभी राहतात. हंगाम कसाही गेला तरी ताटात काहीतरी येतं. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये जे झालं ते याच्या बरोबर उलट होतं, गरिबांची सगळी भिस्त जवळजवळ एकाच वाणावर, करपा आला आणि सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि रोगांनी गेली. अर्थात त्यामागे सरकारी धोरणंही होती, नुसता बटाटा नव्हे, पण शेतातलं एकसुरीपण हे एक मोठं कारण होतंच.

इथे हमखास एक प्रश्न येतो, असं मिसळून लावलं तर वाण भेसळ होणार नाहीत का? नाही. मक्यात होईल, बटाट्यात नाही. कारण आपण लावतो तो कंद, बी नाही, आणि कंद म्हणजे आईच्याच शरीराचा तुकडा, तंतोतंत तीच. फुलं येतात, भुंगे परागकण इकडून तिकडे नेतात, टोमॅटोसारखी छोटी हिरवी फळं धरतात आणि त्या फळातलं बी मात्र खरंच मिश्र असतं, पण मातीखालचा कंद त्यापासून अलिप्त. म्हणून कितीही वर्षं शेजारी शेजारी लावा, पुमा माकी हा पुमा माकीच निघणार.

आता त्या बियांचं काय? तीच तर गंमत आहे. फळ गळून पडतं, त्यातलं बी कधी आपोआप उगवतं, शिवाय शेताच्या बांधावर रानटी आणि अर्धरानटी बटाटे असतात, त्यांना आराक म्हणतात, त्यांच्याशीही संकर होत राहतो. खुरपताना अशी आगंतुक रोपं सगळीच उपटू नका. तिथले शेतकरी काहींना राहू देतात, काढणीला बघतात, चवीला बरा, आकाराला बरा, गारठ्यात टिकला तर त्याला नाव देऊन बेण्यात सामील करून घेतात. नवे वाण असेच जन्माला आले आहेत, आजही येतात. म्हणजे हे जुनं जपणं कमी आणि चालू ठेवणं जास्त आहे.

वाढीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, दोनदा मातीची भर द्यायची, तण काढायचं, आणि गारा, जनावरं, हिम यावर लक्ष ठेवायचं. त्यासाठी गावाने नेमलेला राखणदार असतो, अरारीवा. आता कुस्कोजवळच्या पिसाक गावापाशी जे बटाटा उद्यान आहे, पार्के दे ला पापा, तिथे बटाट्यातल्या जाणकार मंडळींना पापा अरारीवा म्हणतात, बटाट्याचे राखणदार.

काढणी एप्रिलपासून जूनपर्यंत, आणि खरी परीक्षा इथेच. ढीग पडला की बसून निवड करायची, आणि हे काम बहुतेक बायकांचं, त्यांच्या हाताला वाण कळतात, नुसत्या बोटांनी डोळे किती खोल ते चाचपून नाव सांगणाऱ्या असतात. मोठे खायला आणि द्यायला, अगदी बारके वाळवायला, आणि अंड्याएवढे मधले बेण्याला. किडका, खरचटलेला, मऊ पडलेला बेण्यात घालू नका. पण नुसता आकार बघून भागत नाही, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या वाणाचे कंद थोडेच निघालेत ते आधी हुडकून वेगळे ठेवायचे. नाहीतर जो जास्त पिकतो त्याचंच बेणं दरवर्षी वाढत जातं आणि चारपाच हंगामांत चाक्रूतून दुर्मीळ वाण हळूच नाहीसे होतात, कुणाला कळतही नाही. मी तर म्हणेन सगळ्या वर्षातलं हे एक दुपारचं काम नीट झालं तर बाकी चुका माफ.

मदतीला आलेल्यांना मजुरी म्हणून बटाटेच देतात, आणि इथे वाणांचा विमाच उतरवला जातो, कारण त्या घरी गेलेले काही कंद पुढे तिथल्या शेतात जातात. आपला वाण चार घरांत असला की आपल्याकडचा गेला तरी मागून आणता येतो. त्याच दिवशी शेतात वातिया करतात, ढेकळांचा घुमटासारखा भट्टीचा आकार रचायचा, आत जाळ करायचा, ढेकळं लालबुंद झाली की बटाटे आत टाकायचे आणि वरून सगळं पाडून बुजवायचं. थोड्या वेळाने माती उकरून गरम बटाटा काढायचा, राख झटकायची आणि तिथेच खायचा. मजा तर आहेच, पण कुठला वाण यंदा कसा झालाय याची चाखणीही तिथेच सगळ्यांसमोर होते.

जून जुलैत तिथे हिवाळा असतो, त्या कडक थंडीत चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेला बटाटा, करायचा. रुकी आणि बारके बटाटे माळावर गवतावर एका थरात पसरायचे, रात्री हिमाने दगडासारखे गोठतात, दिवसा उन्हाने सैल होतात, असं तीनचार रात्री, मग सकाळी अनवाणी पायांनी तुडवून पाणी पिळून काढायचं, सालही निघते, आणि नंतर कडकडीत वाळवायचे. हलके, काळपट खडे होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. मोराया, म्हणजे पांढरा चुन्यो, हवा असेल तर गोठवल्यावर काही आठवडे वाहत्या गार पाण्यात ठेवायचे, कडवटपणा धुऊन जातो. साठवता न येणारा बटाटा साठवायची ही युक्ती, आणि हिच्यामुळेच कडू वाणांना शेतात जागा राहिली. चुन्यो खाणं बंद झालं तर रुकीही जाणार, इतकं सरळ आहे.

बेण्याची साठवण मात्र वेगळी. खायचे बटाटे अंधारात, बेणं थोड्या उजेडात, थेट ऊन नको. उजेडाने कंद हिरवा पडतो, तो मग खायचा नाही, पण कोंब आखूड, जाड आणि दणकट येतात, लावताना मोडत नाहीत. खाली इचू गवताचा थर द्यायचा आणि मधे मधे मुन्याच्या डहाळ्या घालायच्या, पुदिन्यासारखा उग्र वास असलेलं हे तिथलं झुडूप आहे, वासाने किडे दूर राहतात.

काही वर्षांनी उत्पन्न घटायला लागलं की तिथे म्हणतात बेणं थकलं. खरं कारण बहुतेक वेळा विषाणू, मावा तो पसरवतो आणि कंदातून पुढच्या वर्षी जातो. उपाय त्यांना आधीपासून माहीत आहे, वरच्या गावातलं बेणं खाली आणायचं. उंचावर थंडीमुळे मावा कमी, म्हणून बेणं निरोगी. बेण्याचा प्रवास वरून खाली ठेवा, उलट करू नका. यासाठी पैसे लागतातच असं नाही, लारेसच्या खोऱ्यात अजून अदलाबदलीचे बाजार भरतात, खालच्या बायका मका, फळं, कोका घेऊन येतात, वरच्या बटाटे आणि चुन्यो, आणि त्या बोलण्याबोलण्यात नवं बेणंही हात बदलतं.

पैशाचं पण बोललं पाहिजे. सुधारित वाण जास्त पिकतात, मुलांच्या फीसाठी रोख लागते, मग लोक ते लावणारच आणि त्यात काही चूक नाही. बहुतेक घरं मधला मार्ग काढतात, बाजाराचा एकच वाण एका तुकड्यात वेगळा, आणि घरचा चाक्रू दुसऱ्या तुकड्यात. फक्त विक्रीचा तुकडा वाढत वाढत घरच्यावर चढू देऊ नका. खरी काळजी दुसरीच आहे, तरुण मुलं शहरात जातात, आणि उष्णता वाढतेय तसा करपा आणि किडे वर सरकतायत, त्यांच्यापाठोपाठ बटाट्याची शेतंही वर वर चाललीत, आणि डोंगराला शेवटी माथा असतो.

मग एखादा वाण गेलाच तर? आधी नातेवाइकांत विचारा, मग वरच्या गावात, मग अदलाबदलीच्या बाजारात, नावाने विचारा, आणि शेजारच्या गावात नाव वेगळं असू शकतं म्हणून आकार, रंग आणि आतला गरही सांगा. कुठेच नाही मिळाला तर पेरूच्या राजधानीत, लिमात, जे आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे तिकडे जायचं. १९७१ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात हजारो वाणांची छोटी रोपं काचेच्या नळ्यांत जिवंत ठेवली आहेत. २००४ मध्ये या केंद्राने पिसाकच्या बटाटा उद्यानातल्या गावांशी करार केला आणि तिथून एकेकाळी गोळा केलेले वाण विषाणूमुक्त करून गावांना परत दिले, ४०० च्या वर. २०१५ मध्ये या गावांनी आपल्या बटाट्यांचं बी नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या बर्फातल्या तिजोरीतही ठेवलं. पण लक्षात घ्या, ते फळातलं बी, त्यातून हुबेहूब तोच वाण उगवत नाही, त्यातले गुण तेवढे राहतात. अख्खा वाण हवा तर कंद किंवा नळीतलं रोपच हवं.

परत आलेलं बेणं फार थोडं असतं, कधी मूठभर लिंबाएवढे कंद. ते पहिल्या वर्षी खायचे नाहीत, वाटायचेही नाहीत. दोन वेगळ्या उंचीच्या तुकड्यांत, बांधाच्या कडेने, खूण करून लावा, भर स्वतःच्या हाताने द्या, काढणीला सगळं बेण्यालाच ठेवा. दुसऱ्या वर्षी एका शेजारणीला द्या. तिसऱ्या वर्षी एक टोपली वातियात टाका आणि ज्या म्हाताऱ्या माणसांनी तो लहानपणी खाल्ला असेल त्यांना आधी चाखायला द्या, नाव बरोबर आहे की नाही ते तेच सांगतील.